आधी गोळी, मग आग

माझ्या लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार बसतो. दिवसभर घोड्याचे दात बघणारे, चाल बघणारे, भाव पाडून मागणारे. आणि रात्री त्यातलेच निम्मे लोक तंबूत. मुख्य खेळाआधी सरकारी वार्तापट लागायचा. कुठल्याशा धरणाचं उद्घाटन, पूरग्रस्तांना धान्यवाटप, विमानातून उतरणारा परदेशी पाहुणा. आम्ही पोरं तो संपायची वाट बघायचो. तरी त्यातली चित्रं डोळ्यांत राहिली. देश कसा दिसतो, हे मी पहिल्यांदा त्या फाटक्या पडद्यावर पाहिलं.

त्याच वर्षांत आमच्या शहादा तालुक्यात जे घडत होतं, ते मात्र त्या पडद्यावर मी कधी पाहिलं नाही. २ मे १९७१ ला पाटीलवाडीत धान्य लुटल्याचा आळ घेऊन हत्यारबंद जमाव भिल्लांवर चालून गेला. गोळी चालली, आदिवासी माणसाचा जीव गेला. ज्या जमिनी एके काळी भिल्लांच्या होत्या, त्या कर्जापायी आणि कागदावरच्या अंगठ्यापायी दुसऱ्याच्या झाल्या होत्या, आणि मूळ मालक त्याच बांधावर सालदार म्हणून राबत होता. पाटीलवाडीनंतर हे उघड्यावर आलं. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना सगळा तालुका अंबरसिंग महाराज म्हणतो, ते आणि बाहेरून आलेली शिकलेली तरुण मुलं एकत्र आली. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भू-मुक्ती मेळावा झाला. श्रमिक संघटना उभी राहिली. मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या आणि राखणदार ठेवले. बायांनी दारूच्या गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. १९७४ साली महाराज ऐन उमेदीत गेले. यातलं बरंचसं मला ठाऊक आहे ते मोठ्यांच्या तोंडून ऐकून, आणि पुढे गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्यांनी लिहिलेलं वाचून. पाहून काहीच नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ओट्यासमोरच्या भिंतीला पांढरी चादर बांधून आम्ही दहाबारा जणांनी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पाहिला. तीन तासांचा आहे. कॉलेजातली मुलं होती, दोन शिक्षक होते, आणि गल्लीतले एक नाना होते. नानांनी आयुष्यभर सालदारकी केली, आता ऐंशीकडे झुकलेत. रमाबाई नगरच्या गोळीबाराचा भाग सुरू झाला आणि कोण काय म्हणतंय, कोण काय खोडतंय, याची सरमिसळ व्हायला लागली, तसे ते बसल्या जागेवरून पुढे सरकले. मला म्हणाले, “भाऊ, मला एवढंच सांग. आग आधी का गोळी आधी?”

त्या रात्रीपासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचं उत्तर नीट, घड्याळ हातात धरून द्यायला हवं.

११ जुलै १९९७, शुक्रवार. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. मुंबईत घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून, रमाबाई आंबेडकर नगर ही दलितांची मोठी वस्ती आहे. बाबासाहेबांच्या पत्नीचं नाव तिला दिलेलं. पावसाळ्यातली पहाट. पाण्याला, कामाला निघालेल्या माणसांना दिसलं की वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार घातलेला आहे.

हा हार काय असतो, ते ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोसलं गेलं त्यालाच कळतं. महाराष्ट्रात अशी गावं होती, जिथे दलित माणसाला पाटलाच्या वाड्यावरून जाताना पायातली चप्पल काढून हातात घ्यावी लागायची. ज्या माणसाने ती हातातली चप्पल पुन्हा पायात घालायला शिकवलं, त्याच्याच गळ्यात ती अडकवली होती. घातली कुणी रात्रीच्या अंधारात, आणि सकाळी ती पाहिली सगळ्या वस्तीने.

माणसं जवळच्या चौकीवर तक्रार घेऊन गेली. तिथून त्यांना पंतनगर पोलीस ठाण्याकडे जायला सांगण्यात आलं. तोवर गर्दी वाढली होती. सातच्या सुमाराला लोक महामार्गावर उतरले आणि वाहतूक थांबली. साडेसातच्या सुमाराला राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली. तुकडीचा प्रमुख होता उपनिरीक्षक मनोहर कदम. थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला आणि तो दहापंधरा मिनिटं चालला. दहा माणसं मेली, वीसहून जास्त जखमी झाली.

जमाव पांगवायची रीत ठरलेली आहे. आधी इशारा, मग लाठी, मग अश्रुधूर, आणि अगदी नाइलाज झाला तर कमरेखाली गोळी. इथे अनेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या. मेलेल्यांत महामार्गावर नसलेली, वस्तीच्या गल्लीत उभी असलेली माणसंही होती. गोळी रस्ता सोडून गल्लीत शिरली होती. रस्ता मोकळा करण्यासाठी गोळीबार केला, असं म्हणणाऱ्याने गल्लीतल्या मृतदेहांचा जाब द्यायला हवा.

साडेअकराच्या सुमाराला, म्हणजे गोळीबारानंतर जवळपास चार तासांनी, संतापलेल्या लोकांनी एक आराम बस पेटवली. दुपारी दोनच्या आसपास पोलीस पुन्हा वस्तीत आले. अश्रुधूर सोडला, लाठीमार केला.

नानांच्या प्रश्नाचं उत्तर या चार तासांत आहे. गोळी सकाळी, आग नंतर.

पण त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस राज्याला सांगण्यात आली ती उलटी गोष्ट. जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, ते पेटले असते तर आजूबाजूचा सगळा भाग उडाला असता, म्हणून गोळी चालवावी लागली, असा पोलिसांचा दावा होता. राज्यात युतीचं सरकार होतं, मनोहर जोशी मुख्यमंत्री, आणि गृहखातं उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. टँकरची गोष्ट ऐकायला पटण्यासारखी होती. टँकर म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे स्फोट येतो, आणि स्फोट आला की दहा मृतदेह मागे पडतात. आमच्याकडे त्या आठवड्यात बसस्टँडवर हेच ऐकू येत होतं. टँकर पेटवणार होते म्हणे. आम्हीही ते ऐकलं, आणि खरं सांगतो, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते मानलंही.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग बसला. १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. गोळीबाराला समर्थन नव्हतं आणि त्याची जबाबदारी कदमवर आहे, असं आयोगाने म्हटलं. तिथून खटला उभा राहून निकाल लागायला आणखी अकरा वर्षं गेली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदमला दोषी ठरवून जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. गोळीबाराच्या सकाळी जन्मलेलं मूल निकालाच्या वर्षी बारा वर्षांचं झालं होतं.

या गोळीबाराचा आणखी एक बळी आहे, जो दहांच्या यादीत नाही. विलास घोगरे.

विलास घोगरे हे शाहीर. आव्हान नाट्य मंचात डाव्या चळवळीची गाणी गायचे. झोपडपट्ट्यांतून, गिरण्यांच्या दारांतून, मोर्च्यांतून त्यांचा आवाज फिरला होता. १९८० नंतरच्या मुंबईत झोपड्या पाडायची मोहीम चालली होती, तेव्हा पटवर्धन ‘हमारा शहर’ हा माहितीपट करत होते. तो १९८५ साली पुरा झाला. त्यात विलास गाताना दिसतात. उघड्यावर, लोकांच्या घोळक्यात, हातात वाद्य घेऊन. तेव्हा ते चित्रण झोपडपट्टीबद्दलच्या फिल्मचा एक भाग होतं, त्यापलीकडे काही नाही.

रमाबाई नगरचा गोळीबार झाला, तेव्हा विलास तिथे गेले. मृतदेह पाहिले. चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला, मुलुंडच्या आपल्या घरात त्यांनी गळफास घेतला. कपाळाला निळी पट्टी बांधली होती. आंबेडकरी ऐक्याचा जयजयकार त्यांनी भिंतीवर लिहून ठेवला होता. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेला माणूस जाताना निळा रंग बांधून गेला. ज्यांच्यासोबत गायले त्या संघटनेशी त्यांचं आधीच बिनसलं होतं. तो दुरावा आणि त्या सकाळचे मृतदेह, हे दोन्ही त्यांच्या मनात एका जागी आलं असावं, असं मला फिल्म पाहताना वाटलं.

पटवर्धनांच्या हाती तेव्हा काय होतं? बारा वर्षांपूर्वीचं त्यांनीच केलेलं चित्रण. एक जिवंत, गाणारा विलास. माणूस गेल्यावर त्या जुन्या रिळाला वेगळंच वजन आलं. तेच कडवं, तोच चेहरा. पण आता पाहणाऱ्याला शेवट माहीत आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात तिथून झाली. विलास का गेले, ते शोधायला पटवर्धन निघाले आणि चौदा वर्षं कॅमेरा थांबला नाही. ‘हमारा शहर’ १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होता. मधल्या वर्षांत कॅमेरे बदलले, टेप बदलल्या, आणि फिल्म पुरी होईतो सगळं डिजिटल झालं होतं. रमाबाई नगरमधली लहान मुलं या काळात मोठी झाली.

पटवर्धनांनी ही फिल्म चटकन संपवली असती, तर ती एका गोळीबाराची फिल्म झाली असती. चौदा वर्षं लागली, म्हणून आत कितीतरी माणसं आली. मनुस्मृतीच्या दहनाच्या आंदोलनात भाजून पुढे प्राण गेलेले भाई संगारे त्यात बोलताना दिसतात. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तीही येते, आणि त्यानंतरचा उद्रेकही येतो. पुण्याच्या कबीर कला मंचाची मुलं येतात, शीतल साठे येते. विलास गेल्यानंतर गाणं कुणाच्या गळ्यात गेलं, ते कॅमेऱ्याने तिथवर जाऊन पाहिलं.

रमाबाई नगरात दिसला तो दलितांवरचा राग मुंबईत १९९७ ला अचानक उगवला नव्हता. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. जातीचा आणि वंशाचा अपमान एकाच जातकुळीचा आहे, हे त्या तरुणांनी नाव ठेवतानाच सांगून टाकलं होतं. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि बीडीडी चाळींत दंगल पेटली. समोरासमोरच्या इमारतींतून दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, पेटते बोळे. पाच दिवसांनी निषेधाच्या मोर्चावर वरून जड दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मेला. भस्मे आयोग नेमला गेला. वरळीची आठवण आज चाळीतल्या माणसांकडे आहे, कवितांत आहे, अहवालाच्या पानांत आहे. तरुण पोरांना दाखवायला म्हणून मी ती शोधत बसतो, तेव्हा माझ्या हाती काळेपांढरे फोटोच येतात.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर तिथली एक फिल्म सांगतो. डॅनियल लिंडसे आणि टी. जे. मार्टिन यांनी २०१७ मध्ये ‘एलए ९२’ हा माहितीपट केला. त्यात निवेदक नाही, मुलाखती नाहीत, नंतर शहाणे झालेले जाणकार नाहीत. सगळी फिल्म जुन्या चित्रणांची: टीव्हीच्या बातम्या, हेलिकॉप्टरमधून घेतलेली दृश्यं, रस्त्यावरच्या माणसांनी घरगुती कॅमेऱ्यावर टिपलेले तुकडे. सुरुवातीला १९६५ च्या वॉट्स दंगलीचं चित्रण येतं, कारण तेच शहर सत्तावीस वर्षांपूर्वीही जळालं होतं.

३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर पाडून दांडक्यांनी मारलं. समोरच्या घराच्या बाल्कनीतून जॉर्ज हॉलिडे या माणसाने ते आपल्या कॅमेऱ्यावर घेतलं. ते चित्रण सगळ्या जगाने पाहिलं. आता शंका कसली, असंच सगळ्यांना वाटलं. पण खटल्यात पोलिसांच्या वकिलांनी तीच टेप संथ करून, एकेक चौकट थांबवून दाखवली. हात इथे हलला, गुडघा इथे उचलला, म्हणजे तो उठू पाहत होता, असा अर्थ त्यांनी प्रत्येक चौकटीला लावला. २९ एप्रिल १९९२ ला खटला चाललेल्या चारही पोलिसांची मारहाणीच्या आरोपातून सुटका झाली. फक्त एकाच्या बाबतीत एका आरोपावर ज्यूरीचं एकमत झालं नाही. त्याच दुपारी शहर पेटलं. पन्नासहून अधिक माणसं मेली. निकालाच्या आदल्या वर्षी एका कोरियन दुकानदार बाईने पंधरा वर्षांच्या लताशा हार्लिन्स या मुलीला दुकानात गोळी घातली होती. दुकानातल्या कॅमेऱ्यात तेही टिपलं गेलं होतं, आणि दुकानदार बाईला तुरुंगवास झाला नव्हता. शहराच्या मनात ते दोन्ही साठलं होतं.

टेप तुमच्या हाती आहे, म्हणून न्याय तुमच्या हाती आहे, असं होत नाही. चित्रण तोडता येतं, थांबवता येतं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं झाकता येतं. तेवढ्यासाठी ‘एलए ९२’ मधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. करणाऱ्यांनी तुकडे पुन्हा त्यांच्या क्रमाने लावले. आधी मारहाण, मग लताशा, मग निकाल, मग आग. जळतं दुकान पडद्यावर येतं, तोवर पाहणारा एक वर्ष जगून आलेला असतो. रमाबाई नगरच्या बाबतीत मराठी माणसाला ती सोय नव्हती. टीव्हीवर जळणारी बस दिसत होती, आणि तिच्या चार तास आधी काय झालं ते घड्याळ दिसत नव्हतं.

अमेरिकेत टीव्ही वाहिन्यांच्या संग्रहांत रिळं जपलेली असतात. आपल्याकडे माहितीपट करणाऱ्यालाच आधी संग्राहक व्हावं लागतं. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींबद्दल श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आहे: ९०० मृत, त्यातले ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. हा अहवाल १९९८ मध्ये आला. पण वांद्र्याच्या बेहरामपाड्यातली माणसं त्या दिवसांबद्दल स्वतः काय म्हणत होती, ते ऐकायला मिळतं मधुश्री दत्ता यांच्या १९९३ च्या ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’मध्ये. आयोगाला पाच वर्षं लागली, आणि मधुश्री दत्तांचा कॅमेरा राख गरम असताना तिथे होता.

आणि आमचा खानदेश? ८ मे १९७० ला जळगाव पेटलं, भिवंडीच्या दुसऱ्या दिवशी. जळगावात ४३ माणसं मेली, त्यातला एक सोडून सगळे मुसलमान. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने ती दंगल कागदावर उभी केली. पानांमागून पानं साक्षी, तारखा, गल्ल्यांची नावं. तो अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. पण तो वाचलेला माणूस मला आमच्या तालुक्यात अजून भेटायचा आहे.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी धुळं. सारंगखेड्याहून दोंडाईचामार्गे आम्ही दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, लग्नाच्या कपड्यांसाठी जिथे जातो, ते आमचं जुनं जिल्ह्याचं गाव. ६ जानेवारी २०१३, रविवार. हॉटेलातल्या बिलाच्या किरकोळ पैशांवरून वाद झाला, दगडफेक झाली, दोन जमाव समोरासमोर आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सहा मुसलमान तरुण मेले. त्या दिवशी कुठल्या वाहिनीचा मोठा कॅमेरा गल्लीत नव्हता. पण मोबाइल होते. गच्चीवरून, खिडकीतून, अर्धवट उघड्या दारातून लोकांनी जे टिपलं, ते पुढच्या काही दिवसांत फोनांतून फिरलं. त्या तुकड्यांत खाकी वर्दीतली माणसं सामान फोडताना, लुटताना दिसत होती. या चित्रणांच्या आधारे पोलीस कर्मचाऱ्यांना अटक झाली.

मी ते तुकडे तेव्हा पाहिले आहेत. हलणारं चित्र, मागे बायकांचा आवाज, कुणीतरी फोन खाली घे म्हणून दबक्या आवाजात सांगतंय. हात थरथरतोय, तरी टिपणाऱ्याने फोन खाली घेतलेला नाही. नाव माहीत नसलेल्या त्या हाताचं ऋण धुळ्यावर आहे.

पण इतक्या वर्षांत ते तुकडे कुठे गेले? धुळ्यातल्या ओळखीच्या तिघाचौघांना मी यंदा विचारलं. एकाचा फोन तेव्हाच बिघडला. दुसऱ्याने जागा भरली म्हणून सगळं पुसून टाकलं. तिसऱ्याकडे एक तुकडा आहे, पण तो कितव्या हातातून आलेला, त्यावर वेळ नाही, गल्लीचं नाव नाही, आणि पुढचामागचा भाग कापलेला. उद्या कुणी उठून सांगेल की हे धुळ्याचं नाहीच, तर तो माणूस काय दाखवणार? आजकाल दुसऱ्या देशातली दंगल आपल्या गावची म्हणून फोनवर फिरते आणि तिच्यापायी नवी दंगल पेटते, हे तर आपण सगळेच पाहतो.

‘जय भीम कॉम्रेड’चा पहिला खेळ ९ जानेवारी २०१२ ला भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला. उद्घाटनाची गर्दी चाळीतल्याच माणसांची होती. नंतर ती फिल्म वस्त्यावस्त्यांतून फिरली. तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो चाळीतला पडदा, कारण ज्यांच्यावर गोळी चालली, त्यांनाच आपल्या त्या सकाळचा क्रम सगळ्यांच्या देखत पुन्हा पाहता आला. आमच्या ओट्यावर बांधलेली चादर त्याच पडद्याचं धाकटं भावंड आहे, असं मी मानतो.

फिल्म संपल्यावर त्या रात्री नाना लगेच उठले नाहीत. पोरांनी चादर सोडून घडी घातली. मग नाना बोलायला लागले, कुणी विचारलं नव्हतं तरी. १९७१ च्या उन्हाळ्यातलं, सालदारकीचे किती मिळायचे ते, रात्री खळ्यावर झोपायची सोय कशी होती ते, अंबरसिंग महाराजांची सभा कुठल्या झाडाखाली भरली आणि कोण कोण बैलगाडीने गेलं ते. एका पोराने फोन काढून त्यांचं बोलणं टिपायला घेतलं. नानांनी आधी हात आडवा केला, मग म्हणाले, “तारीख पण बोलून ठेव रे त्यात.” पोराने तारीख बोलली, गावाचं नाव बोललं, आणि मग नाना पुढे सांगत गेले. पाऊण तास झाला. तो आवाज आता तीन जणांकडे, तीन वेगळ्या जागी ठेवलेला आहे.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावातल्या जुन्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे, बंद पडलेल्या केबलवाल्याकडे, कपाटाच्या वरच्या फळीवर कॅसेट पडलेल्या असतील. त्यांना बुरशी लागायच्या आत त्या उतरवून घ्या. तुकडा मिळाला तर त्याच्यासोबत तारीख, वेळ, जागा, आणि टिपणाऱ्याचं मन असेल तर त्याचं नाव लिहून ठेवा. तुकडा कापू नका. आणि ज्यांच्या दिवसाचं चित्रणच झालं नाही, त्यांना बोलतं करा. पाटीलवाडी घडली तेव्हा विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे या पंधरवड्यातच जा.